कलम सात

रविवार, १० फेब्रुवारी २०१३. दुपारचे तीन वाजून बावन्न मिनिटे. विकली गेलेली तिकिटे चार हजार दोनशे बारा. पुण्याच्या पिचरने टाकलेला लागोपाठचा चोविसावा चेंडू फलंदाजापासून हातभर लांबून गेला आणि रायवडीची तिसरी धाव झाली.

गुणलेखकाच्या टेबलाशी बसून मी ती वहीत नोंदवली. रायवडी तीन, पुणे दोन. नऊपैकी सहावी इनिंग चालू होती; प्रत्येक इनिंगमध्ये आधी पुण्याची फलंदाजी, मग रायवडीची.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो, कारण पुढचे सारे त्यांवर अवलंबून आहे. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू आवाक्याबाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो. असे फुकटचे बेस साठत गेले की आधीचे गडी पुढे ढकलले जाऊन घरी, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटवर, येतात आणि धावा होतात. दुसरी गोष्ट अशी, की फलंदाजाने तीनदा बॅट फिरवून चेंडू हुकवला की तो बाद. चेंडू किती लांबचा होता, हे त्यात पाहिले जात नाही.

त्या इनिंगमध्ये सहा फलंदाज सलग फुकट बेसवर गेले होते आणि रायवडीच्या तिन्ही धावा तशाच आल्या होत्या. पश्चिमेच्या बांधावर हलगी घुमत होती. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावाची वस्ती अकरा हजार. त्यातले चार हजार मैदानावर होते.

एवढ्यात रायवडीचे प्रशिक्षक मुजावर सर पंचांकडून वेळ मागून माझ्या टेबलाशी आले. इलाही मुजावर, गावच्या शाळेतले पीटीचे शिक्षक. अकरा हातमोजे आणि ट्रॅक्टरच्या सीटचा फोम कापून शिवलेले, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचे पॅड, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आठ वर्षांत हा संघ उभा केला होता.

"साहेब, त्यांच्या बाकाकडं बघा."

"काय झालं?"

"तीन पिचर बसल्यात. एकानंबी हात मोकळा केला न्हाई. ह्यो गडी चोवीस चेंडू बाहेर टाकतोय आन् त्याला कुणी बदलंना."

"थकला असेल."

"थकलेला माणूस एखादा तरी चुकून आत टाकतोय, साहेब."

मी वहीचे मागचे पान उघडले. पाचव्या इनिंगपर्यंत पुण्याचा हाच पिचर नीट टाकत होता. तीन वाजून एकतीस मिनिटांनी मला सोलापूरहून फोन आला होता, की तिथे चाललेला सामना नाशिकचा संघ हरला. इतर मैदानांवरचे निकाल मिळताक्षणी ध्वनिक्षेपकावरून जाहीर करण्याची पद्धत मीच घालून दिली होती. त्याप्रमाणे मी तो जाहीर केला. पुण्याच्या संघाचे व्यवस्थापक केदार दामले तेव्हा तंबूत उसाचा रस पीत होते. ग्लास अर्धा ठेवून ते बाकाकडे गेले. सारे मी पाहिले होते. जोडून मात्र पाहिले नव्हते.

आता कलम सात सांगितले पाहिजे.

मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि एकतीस वर्षे बॉल बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. निवृत्तीनंतर काही उत्साही मंडळींनी सहा संघांची व्यावसायिक बेसबॉल लीग काढायचे ठरवले आणि मला तांत्रिक सचिव नेमले. पुण्याच्या संघामागे मोठे बांधकाम व्यावसायिक होते, रायवडीच्या मागे फक्त गाव. पुणे सगळे चांगले खेळाडू गोळा करील, तेच दरवर्षी जिंकतील, निकाल आधीच ठरलेला दिसला की प्रेक्षक येणार नाहीत आणि लीग वाढणार नाही, असे मी कागदावर आलेख काढून दाखवले होते. त्यावर उपाय म्हणून कलम सात लिहिले: मोसमाच्या शेवटी तळाला राहिलेल्या संघाने पहिल्या आलेल्या संघातून कोणताही एक खेळाडू निवडून घ्यावा. निवड शेवटचा सामना संपल्यापासून तासाभरात व्हावी. निवडलेल्या खेळाडूने नकार दिल्यास त्याने दोन वर्षे लीगमध्ये खेळू नये. मोठ्या संघांना हे पुढे वाकवता येऊ नये म्हणून शेवटी एक ओळ जोडली, की हे कलम तीन वर्षे बदलता येणार नाही.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तळाला रायवडी होती.

प्रत्यक्षात रायवडीने एकोणीसपैकी सतरा सामने जिंकले. याला कारण अंकुश खरात नावाचा तेवीस वर्षांचा पिचर. त्याचा चेंडू फलंदाजासमोर येऊन एकदम वीतभर खाली पडे. तो झेलणे फक्त बिरू लवटे या कॅचरला जमे. दोघे सहावीपासून एकत्र. माझ्या आलेखाप्रमाणे, सतत जिंकणाऱ्या संघाची गर्दी उतरायला हवी होती. रायवडीची दर सामन्याला वाढत गेली. मी त्या बिंदूसमोर 'अपवाद' असे लिहून ठेवले होते.

तळाला पुणे आणि नाशिक, दोघांचे पाच-पाच विजय. नाशिकचे सामने त्या दुपारी संपले. बरोबरी झाली, तर एकमेकांशी खेळताना जो जास्त हरला तो खाली. त्या हिशेबाने पुणे खाली जात होते. म्हणजे हा सामना पुणे हरले तर तळाला पुणे. जिंकले तर नाशिक.

"नाशिकवाल्यांचं माझं बोलणं झालंय," मुजावर सर हळू आवाजात म्हणाले. "त्यांना फटके मारणारा पायजे. सदा भिंगार्डेला घेणार. पोरगा एका पायावर तयार हाय, त्याची सासरवाडीच नाशकात. पर पुणं तळाला गेलं तर ते अंकुशला उचलणार."

"हो."

"अंकुश गेला तर बिरू कुणाचे झेलणार? आन् हे चार हजार माणूस काय बेसबॉल बघाय येतंय व्हय? ते खरातांच्या अंकुशला बघाय येतंय." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग आमाला हराय पायजे."

मी कलमांचा कागद पुढे ओढला.

"मैदान सोडून गेलो तर?"

"कलम अकरा. मैदान सोडणाऱ्या संघाचं सदस्यत्व रद्द."

"तेबी तुमीच लिवलंय?"

"मीच."

"ते मुद्दाम हरत्यात, हे तुमाला दिसतंय न्हवं? मग सामना रद्द करा की."

"कलम नऊ," मी म्हणालो. "निकाल धावफलकावरून ठरेल. संघाच्या हेतूचा विचार केला जाणार नाही."

"का?"

"हेतू मोजता येत नाही."

ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले. रागाने नव्हे, एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे सोपे गणित चुकल्यावर शिक्षक पाहतात तसे.

"आठ वर्षं पोरांना एकच शिकवलं," ते म्हणाले. "आता दुसरं काय सांगू आन् कोणत्या तोंडानं." एवढे बोलून ते बाकाकडे गेले. तिथे पोरांचे कोंडाळे झाले. लांबून मला फक्त अंकुशची मान दिसत होती. ती एकदा आडवी हलली, पुन्हा हलली, मग खाली गेली.

त्यानंतर रायवडीचे तीन फलंदाज आले. पुण्याच्या पिचरने आपले चेंडू पूर्वीसारखेच लांब टाकले. तिघांनी मिळून नऊ वेळा बॅट फिरवली आणि नऊ वेळा हुकवली. तिघे बाद झाले, म्हणून इनिंग संपली.

सातव्या इनिंगला अंकुश चेंडू टाकायला उभा राहिला. त्याने पहिला चेंडू मुद्दाम बाहेर टाकला; इतका बाहेर, की बिरूला आडवे झेपावे लागले. पुण्याच्या फलंदाजाने त्यावरही बॅट फिरवली. दुसऱ्यावर फिरवली. तिसऱ्यावर फिरवली. बाद.

बांधावर एकच जल्लोष झाला. लांबून पाहणाऱ्याला अंकुशचा चेंडू खेळवत नाही एवढेच दिसत होते. पुढचे दोघेही तसेच गेले. हलगीवाल्याने ठेका बदलला.

मी वहीत नोंदी करत होतो आणि एकीकडे हिशेब मांडत होतो. तो अवघड नव्हता. ज्याला बाद व्हायचे आहे त्याला बाद होण्यापासून पिचर रोखू शकत नाही. पुण्याच्या प्रत्येक फलंदाजाला तीनदा हवेत बॅट फिरवण्याचा हक्क होता; रायवडीच्याही प्रत्येक फलंदाजाला होता. दोन्ही संघ हरायला निघाले की धावफलक जिथे असेल तिथेच गोठतो. तो गोठला तेव्हा रायवडी एका धावेने पुढे होती. मुजावर सर दोन फलंदाज आधी माझ्याकडे आले असते, तर रायवडी एका धावेने मागे राहिली असती.

सातवीच्या उत्तरार्धात सदा भिंगार्डे बॅट घेऊन आला. पुण्याच्या पिचरचा चेंडू जमिनीवर टप्पा पडून गेला. सदाने वर, खांद्याच्या उंचीवर बॅट फिरवली.

"सदा, चेंडू तिकडं, बॅट हिकडं," बांधावरून कोणी ओरडले. "सासऱ्यानं दारू पाजली काय?"

लोक हसले. दुसरा फलंदाज तसाच गेला तेव्हा कमी लोक हसले. तिसऱ्याच्या वेळी हलगी थांबली.

पंच हिरेमठ इनिंगच्या मध्ये माझ्याकडे आले. सोलापूरचे, शांत गृहस्थ. चाळीस वर्षे पंचगिरी केलेले.

"आळतेकर साहेब, अहवालात काय लिहू?"

"दिसतं ते लिहा."

"मला दोन संघ हरताना दिसतायत," ते म्हणाले. "तसा रकानाच नाही छापील नमुन्यात."

नमुना मीच छापून घेतला होता.

आठव्या इनिंगमध्ये बिरूने एक युक्ती काढली. तिसरा हुकलेला चेंडू कॅचरच्या हातून सुटला, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळता येते, असा नियम आहे. बिरूने चेंडूला हातच लावला नाही. तो घरंगळत मागच्या जाळीपर्यंत गेला. पुण्याचा फलंदाज होम प्लेटपाशी बॅट टेकून उभा राहिला.

"पळ की," बिरू म्हणाला. मी पंधरा पावलांवर होतो. मला स्पष्ट ऐकू आले.

"कशाला?"

"पळ बाबा, पळ. मी चेंडू आणत न्हाई, बघ. पाणी पिऊन येतो पायजे तर."

"तू पी. मी दमलोय," म्हणत फलंदाज बाकाकडे चालू लागला. हिरेमठांनी त्याला बाद दिले.

बिरू जाळीपर्यंत चालत गेला, चेंडू उचलला आणि तिथेच पाठ करून थोडा वेळ उभा राहिला.

मग अंकुशने मुजावर सरांकडे पाहिले आणि चेंडू स्वतःच्या बरगडीवर हलकेच आपटून दाखवला. चेंडू फलंदाजाला लागला तर त्याला बेस मिळतोच. तो नाकारता येत नाही. सरांनी मान ठामपणे आडवी हलवली. हरण्यासाठी माणसाला मारायचे नाही, एवढी एक गोष्ट त्यांच्यापाशी शिल्लक होती. मला माहीत होते, की बॅट फिरवता फिरवता चेंडू लागला तर तोही हुकलेला फटकाच धरतात. मारूनही उपयोग झाला नसता. ते मी त्यांना सांगायला गेलो नाही.

आठवीच्या उत्तरार्धात रायवडीचे फलंदाज पुन्हा हवेत बॅट फिरवू लागले. आता बांधावर कोणी हसत नव्हते. कुंपणाशी बसलेले एक पटकेवाले वृद्ध उठले. अंकुशचे चुलते, खरात अण्णा. एकही सामना न चुकवणारे. ते सावकाश बाकापर्यंत आले.

"मुजावर," ते म्हणाले, "किती घेतलंस?"

मुजावर सर हात पाठीमागे बांधून उभे होते.

"आमची पोरं म्हणून तुझ्या हवाली केली हुती. इकायची हुती तर आमाला इचारायचं. आमीबी भाव सांगितला असता."

"अण्णा, घरी आल्यावर सांगतो."

"घरी येऊ नगंस."

सर माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. "साहेब, तुमच्यापुढं माइक हाय. सांगा की लोकांना."

मी माइक हातात घेतला. अंगठा बटणावर ठेवला. शब्द जुळवू लागलो. कोणतेही वाक्य जुळवले तरी त्यात 'रायवडीचा संघ हरण्याचा प्रयत्न करीत आहे' हे शब्द येतच होते.

"काय सांगू, सर?"

त्यांनीही मनात ते वाक्य जुळवून पाहिले असावे. "र्‍हाऊ द्या," ते म्हणाले.

लोक उठू लागले. रागावून नव्हे; जेवण संपल्यावर पंगत उठते तसे, शिस्तीत, बायका मुलांना पुढे घालून. नवव्या इनिंगला अंकुश उभा राहिला तेव्हा बांधावर जागोजागी माती दिसत होती. त्याने नऊ चेंडू टाकले. सातवीपासून मोजले तर सत्तावीस चेंडू, सत्तावीस हुकलेले फटके, नऊ फलंदाज बाद. कागदावर तो लीगमधला विक्रम ठरला. घरच्या संघाची आघाडी असल्यामुळे नवव्या इनिंगचा उरलेला अर्धा भाग खेळावा लागला नाही. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटे. रायवडी तीन, पुणे दोन. रायवडी विजयी.

केदार दामले गुणपत्रिकेवर सही करायला आले. तिशीचे, नीटनेटके, खिशाला दोन पेने.

"काका, दमलात का? चहा सांगू?"

"नको."

"एक विचारू? राग नका मानू. कलम सात लिहिताना तुम्ही तळाला रायवडीच धरली होती ना?"

"हो."

"वाटलंच." सहीखाली त्यांनी सुबक रेघ ओढली. "फार स्वच्छ लिहिलंय. कुठे फट नाही. मी तीन वेळा वाचलं."

"तुमच्या मुलांना हरायला लावलंत तुम्ही."

"मी त्यांना फक्त सोलापूरचा निकाल पुन्हा एकदा समजावून सांगितला," दामले म्हणाले. "तो तर तुम्हीच जाहीर केलात."

निवड पाच वाजून वीस मिनिटांनी माझ्याच टेबलावर झाली. दामल्यांनी अंकुश खरात हे नाव लिहून दिले. मी कलमाशी पडताळून शिक्का मारला. मुजावर सर लांब उभे राहून मैदानावरचे बेस गोळा करत होते. ते काम एरवी पोरे करीत.

अंकुश सहीसाठी आला. बिरू त्याच्या मागे दोन पावलांवर, छातीवरचा पॅड अजून न सोडलेला.

"न्हाई म्हटलं तर दोन वर्षं घरी?" अंकुशने विचारले.

"हो."

"दोन वर्षांत हात जातोय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. मग त्याने सही केली. अक्षर वळणदार, शाळकरी. पेन परत देताना तो थांबला.

"साहेब, एक सांगा. शेवटच्या तीन इनिंग मी नीट टाकलं असतं, तर काय झालं असतं?"

"पुण्याचे बादच झाले असते."

"आन् आमच्यांनी नीट बॅट फिरवली असती तर?"

"धावा वाढल्या असत्या."

"म्हंजे जिंकलोच असतो. आन् मी पुण्यालाच गेलो असतो."

"हो."

"सगळं हेच झालं असतं."

"हो, अंकुश."

त्याने रिकाम्या बांधाकडे पाहिले. "मग नीटच टाकायचं हुतं," तो म्हणाला. "माणसं बसली हुती तंवर."

बिरूने पॅडचे बंद सोडले. त्या दोघांपैकी कोणीही मला काही वाईट बोलले नाही.

कलम बदलावे म्हणून त्याच रात्री मी समितीला पत्र लिहिले. चौथ्या दिवशी उत्तर आले. कलमाच्या शेवटच्या ओळीकडे त्यांनी माझे लक्ष वेधले होते. ती ओळ लाल शाईने अधोरेखित केली होती. एरवी अधोरेखित करण्याची सवय माझी.

पुढच्या मोसमात पुण्याच्या कॅचरला अंकुशचा खाली पडणारा चेंडू झेलता येईना, म्हणून त्याला साधे चेंडू टाकायला लावले गेले. साधे चेंडू कोणीही खेळतो. तो चेंडू नाहीसा झाल्यावर सहाही संघ सारखे झाले. पहिल्या संघाचे अकरा विजय, शेवटच्याचे नऊ. मी आलेखात आखलेल्या मर्यादेच्या तंतोतंत आत. समितीने माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. तो ठराव अजून माझ्या कपाटात आहे. मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि तो फाडावा की ठेवावा हे ठरवू शकलेलो नाही.

रायवडीच्या मैदानावरचा शेवटचा सामना रविवार, ९ फेब्रुवारी २०१४ रोजी झाला. सहाव्या इनिंगला दोन्ही संघांच्या धावा समान होत्या. कोण जिंकेल हे अखेरपर्यंत सांगता येत नव्हते. मुजावर सर हात पाठीमागे बांधून उभे होते. बिरू दुसऱ्याच कोणाचे चेंडू झेलत होता. तिकीट खिडकीवरून आकडा मागवण्याची गरज पडली नाही. दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी मी बसल्या जागेवरून प्रेक्षक मोजले, खात्रीसाठी उलट दिशेनेही मोजले.

एकसष्ट.